जुन्या मापाची चोळी

माप सांगताना माझा हात आपोआप स्वतःच्या अंगावर जातो. बाही म्हटली की दंडावर, गळा म्हटला की गळ्यावर. आम्हां शिंप्यांची ही खोडच. धारला भर सदरेत सरदारांनी विचारलं, "काय रे, चोळीला काय झालं म्हणतोस?" आणि मी मूर्ख, डाव्या छातीवर पंजा ठेवून म्हणालो, "सरकार, बाईसाहेबांचं इथं काहीतरी वाढतंय."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पंजावर आल्या. हात कुठं आहे ते मला तेव्हा कळलं. काढावा तर कबुली, ठेवावा तर बेअदबी. तसाच ठेवून उभा राहिलो.

सरदार हसले. रागावले असते तर बरं होतं.

"बराच जाणकार दिसतो. घाला याला ती चोळी. आम्हीही बघू कुठं वाढतंय."

दोघा शिपायांनी माझी बंडी उतरवली. सरदारांच्या बाईसाहेबांची चोळी, दुरुस्तीला आलेली, माझ्याच हातातून घेऊन माझ्याच अंगावर चढवली. पोट माझं तेव्हाही माझ्यापुढं एक पाऊल चालायचं. गाठ बसेना. एकानं पाठीत गुडघा रोवून ती बांधली. मग देवडीत उभं केलं. सकाळच्या कचेरीपासून दुपारच्या तोफेपर्यंत.

जाणारेयेणारे थांबत. एक भाजीवाला डोक्यावरची पाटी सावरत म्हणाला, "भिया, ब्याव कद है?" लग्न कधी, म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. हसलो, हे अजून सलतं.

आणि खोटं कशाला सांगू, लाज वाटायच्या आधी मनात आलं ते हे, की बाहीचा मुंढा बरा बसलाय.

मग ते लागलं. डाव्या बाजूला अस्तर कडक होतं. खळ वाळावी तसं. ती मऊ मलमल मीच लावली होती. आता ती माझ्या कातडीला टोचत होती. तिला वास होता. घाम यायला लागला तसं ते वाळलेलं ओलं झालं नि माझ्या अंगाला चिकटलं. बाईसाहेबांचं दुखणं माझ्या अंगावर चढवलं होतं आणि लोक हसत होते.

चार महिन्यांत ती चोळी तीनदा परत आली होती. आणायची रतन, बाईसाहेबांची दासी, इथलीच, माळव्यातली. "भिया, डावी बाजू फेर तंग पडी गी." पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या, कापताना चुकलो म्हणून. टीप उसवून बोटभर सैल केली. दुसऱ्यांदा आणखी बोटभर, आणि आत मलमल. तिसऱ्यांदा, श्रावण लागता लागता, बघतो तर उजवी शिवण नव्यासारखी, डावी ताणून तुटलेली. अस्तरावर डाग. चूक कापडात नव्हतीच.

रतनला विचारलं. ती इकडंतिकडं बघून म्हणाली, आधी सुपारीएवढी गाठ होती, आता लिंबाएवढी. दुखत नाही, म्हणून कुणाला दाखवली नाही. आणि त्या घरची बाई परक्याला अंग दाखवत नाही.

दुखत नाही, हेच तर. बदनावर गावच्या एका वाणिणीच्या चोळ्या मी दरसाल शिवतो. एक बाजू सपाट. तिचीही गाठ दुखत नव्हती. ती वेळेवर इंदूरला गेली, तिथल्या डॉक्टरणीनं भूल देऊन कापून काढली. ती बाई अजून धडधाकट आहे, दर चोळीला मला नावं ठेवते. म्हणून रतनला म्हणालो, "बाईसाहेबांना इंदूरला न्या. उशीर करू नका." माझा गुन्हा एवढाच. निरोप जनान्यात पोचण्याआधी कारभाऱ्यानं ऐकला, आणि मला चोळीसकट सदरेत बोलावणं आलं.

देवडीत उभा असताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या घरात शिवणकाम येणाऱ्या चार बाया होत्या. एक टीप उसवायला मी कशाला हवा होतो? तीनतीनदा? बाईसाहेबांना तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून त्या चोळी पाठवत होत्या. आणि मी दर वेळी बोटभर सैल करून परत देत होतो.

घरी आलो. अंगावर पाणी ओतून घेतलं. बायकोनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. गावानं सांगितलंच असणार. तेव्हापासून बंडी घालताना डाव्या बाजूला ते अस्तर टोचतं. बंडीला अस्तर नाही.

शिमग्याच्या आत बाईसाहेब गेल्या. गावात सांगितलं, छातीत कळ आली.

कारभारी स्वतः दुकानात आला. हिरवं रेशीम पुढं टाकलं. त्या घरची सवाष्ण सरणावर नवी शिवलेली चोळी घालूनच जाते.

"तासाभरात हवी. जुन्या मापानं शीव."

"ती बसायची नाही."

"बसवू आम्ही. लोक बघणार आहेत. दोन्हीकडं सारखं दिसलं पाहिजे."

बसवू. मेलेल्या बाईच्या पाठीतही गुडघा रोवतील.

मी कात्री खाली ठेवली. म्हणालो, "आताचं माप आणा, शिवतो. जुन्या मापाची बाई तुम्ही मारलीत."

"शिंप्या, शुद्धीवर आहेस का?"

"आज आहे."

कानफटात बसली. पागोटं कापडाच्या ढिगात पडलं, मी उचललं नाही. मग हुकूम: आजच्या आज धारची हद्द सोडायची. चोळी दुसऱ्या कुणी शिवली असेल. शिंप्यांना तोटा नाही.

बैलगाडीत शिवणाचं यंत्र, दोन ट्रंका आणि बायको. देवासला तिचा भाऊ होता. मी म्हणालो, बरंय, त्या एका गावात दोन राज्यं आहेत, एकानं हाकललं तर रस्ता ओलांडला की झालं. ती हसली नाही.

तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. रतन, गाठ, अस्तर. आणि म्हणालो, यापुढं कुठलीही चोळी एका बाजूला तंग होऊन आली तर मी सैल करून देणार नाही. बोलेन. कुठल्याही सदरेत उभं करा, काहीही घालून उभं करा.

मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"श्रावणात दर शुक्रवारी मी त्या जनान्यात हळदीकुंकवाला जात होते," ती म्हणाली. "बाईसाहेब माझ्या हाताच्या अंतरावर बसायच्या. मला का नाही सांगितलंत?"

खरं उत्तर एवढंच होतं, की परक्या बाईच्या छातीची गोष्ट बायकोपुढं तोंडातून निघाली नव्हती. सदरेत निघाली, घरात नाही.

मग ती म्हणाली, "देवासला बायकांची मापं मी घेणार. चोळीवरून नाही, अंगाला हात लावून. तुम्ही कापा नि शिवा. जिला गाठ लागेल तिला मी तिच्या तोंडावर सांगेन, तिच्या नवऱ्याला नाही. आणि नवरा आडवा आला, तर तिला हाताला धरून इंदूरला मी नेईन."