व्याही हॉलंडात उपाशी

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत झाला नाही, आणि होऊही नये. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर हॉलंडहून परत आल्यावर आळेफाट्यावर उसाचा रस प्यालो. तिथंही हे रसवाल्याशी बर्फावरून भांडले. "रस मागितला राव, गारा न्हाई," म्हणाले, आणि घोडेगावच्या गाडीत चढून गेले. परत भेट नाही.

माझा मुलगा हॉलंडात कॉम्प्युटरच्या कामाला, आणि त्यांची लेक माझी सून. माझी बायको गेल्यावर मी वर्षभर गाव सोडेना, म्हणून मुलानं आम्हा दोघांना महिनाभर फिरायला बोलावलं. आता या माणसाचं व्रत असं, की लेकीच्या घरात पाळणा हलत नाही तोवर बापानं तिथलं अन्नपाणी घ्यायचं नाही. रीत आमच्याकडं जुनीच, पण ती शेजारच्या गावापुरती. विमानानं जाऊन कुणी पाळली असेल तर ती यांनीच. बाजरीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी भरलेली पिशवी घेऊन उतरले. मी विचारलं, "व्याही, मग तिच्या घरी झोपायचं तरी कसं?" तर म्हणतात, "झोप काय तिच्या घरची हाय व्हय? माझी मी आनलीय."

जेवणाच्या वेळी घरात थांबायला नको, म्हणून हा बाबा रोज सकाळी मला रेल्वेत घालायचा. पास मुलानं काढून दिलेला. लोक ज्यांच्यासाठी जीव टाकतात ती कालव्यांची जुनी शहरं, अ‍ॅमस्टरडॅम, लायडन, उट्रेक्ट, आम्ही भाकरी खायला जागा म्हणून पाहिली. डब्यात चढले की हे सगळ्यांना हात जोडून "राम राम पावणं" करायचे. एकदा आम्ही नेमके बोलायला मनाई असलेल्या, गप्प बसायच्या डब्यात शिरलो. एका बाईनं ओठावर बोट ठेवलं. हे माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मयताला निघाल्यात जनू. ईचारा, कोन गेलं." मी हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसलो, आणि त्याचा राग मला दिवसभर पुरला.

कालवा दिसला की यांचं डोकं फिरायचं. दारोदारी काठोकाठ पाणी आणि त्यात बदकं. "आमच्याकडं पाटाला पानी सुटलं तर सख्खं भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांदावर बसत्यात, अन् हितं एक सरी भिजत न्हाई. पाळी कुनाची हाय?" हे त्यांनी तिकीट तपासणाऱ्यालाही विचारलं. कालव्याकाठची उंच जुनी घरं एकमेकांच्या अंगावर कललेली, ती पाहून म्हणाले, "भावकी दिसतीया. पटत न्हाई, पर सुटत बी न्हाई."

इथवर मी सोसलं. पण सून रोज लवकर उठून ताजा डबा करून द्यायची, आणि तो समोर असताना हे बाकावर बसून दगडासारखी भाकरी फोडायचे. पाहुणा कोरडं खातोय आणि आपल्या घशाखाली भाजी उतरते का? मग मीही तेच चावायचो. माझी एक दाढ तिकडंच गेली. संध्याकाळी पोरगी दारातच विचारायची, "मामा, आज तरी आप्पांनी..." आणि डब्याचं वजन हाताला लागलं की तो घेऊन आत जायची.

शेवटच्या दिवशी ती स्वतः आमच्याबरोबर डेल्फ्टला निघाली. गाडी सुटल्यावर तिनं मांडीवर डबा उघडला. पिठलं आणि ज्वारीची भाकरी. "आप्पा, ही गाडी काय माझं घर नाही. आता खा." व्याह्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, जिंकली पोरगी. तेवढ्यात हात थांबला. "पीठ कुनाच्या घरचं, बाय?"

तिनं झाकण लावलं आणि खिडकीकडं तोंड केलं. बाहेर पाणी आणि पूल मागं पळत होते.

स्टेशनावर ती पुढं गेल्यावर मी यांना झाडलं. "व्याही, ही रीत ज्यानं काढली त्याला लेक नसंल. माझी बायको असती तर तुमाला नरडं धरून भरवलं असतं."

"वैनी असत्या तर खाल्लं बी असतं," मान खाली घालून म्हणाले. "पर मोडू कसं राव? लग्नाला सहा वर्सं झाली तिच्या. मी मोडलं अन् पाळनाच हलला न्हाई तर?"



पुढं सुनेला दिवस गेले. व्याह्यांचा फोन आला, "आता बगा, ती भाकरी थापून दमंल, पर मी खाऊन न्हाई दमायचो." आणि पाळणा हलायला दोन महिने राहिले असताना हा माणूस अंगणात बसल्या बसल्या गेला. महिनाभर कडक भाकऱ्या पचवल्या, आणि एवढंसं थांबता आलं नाही?

मला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सुनेला तशा अवस्थेत विमानात बसता येईना. फोनवर ती रडली नाही. म्हणाली, "मामा, आप्पांच्या घरी आता चूल पेटणार नाही. सोयऱ्यांकडच्या भाकरी जातील. माझ्या घरची पण जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळलं. बायको गेल्यावर भाकरी थापायला शिकलो, पण कडा अजून फाटतात. फडक्यात बांधून व्याह्यांच्या घरी नेल्या. त्यांच्या मुलानं विचारलं, "कुनाकडच्या?"

"तुझ्या बहिनीच्या घरच्या," मी म्हणालो.

पहिला तुकडा त्यानं बापाच्या नावानं बाजूला काढला, आणि मग आम्ही सगळे जेवलो.