शिंग खाल्लेलं लोखंड

वाटूरच्या इंद्रभानला लोखंडाचा राग आला, त्याला कारण पाखऱ्या. पाखऱ्या म्हणजे त्याच्या जोडीतला उजवा बैल. पायात बेडी घालून बांधलेला होता. चोरांनी कानशीने बेडी कापली आणि बैल नेला. गाव चोरांना शिव्या देत बसलं, इंद्रभान मात्र बेडीला शिव्या देत होता.

"चोरानं चोराचं काम बराबर केलं," तो बायकोला, बायनाबाईला म्हणाला. "लोखंडानं लोखंडाचं केलं न्हाई."

इंद्रभान काही लोहार नव्हता. त्याचे वाडवडील मेंढरं राखायचे, बापाने निजामाच्या राज्यात वाटूरला जमीन धरली तेव्हापासून घर शेतीवर. हातोड्याशी कुणाचा संबंध नव्हता. पण डोक्यात किडा शिरला की घरादाराची झोप उडवायची, ही त्याची जुनी खोड. त्याचा विचार असा होता: बैलाला सरकी-पेंड घातली की बैल दांडगा होतो. पोराला दूध-तूप घातलं की पोर दांडगं होतं. लोखंडाला आजवर कुणी काही खाऊ घातलंय का? मग ते मऊच राहणार. यात चूक काय, हे त्याला कुणी सांगू शकलं नाही, कारण ज्यांना कळत होतं ते हसण्यातून मोकळे होत नव्हते.

पुढची दोन वर्षं इंद्रभानच्या घरात लोखंड जेवत होतं. खिळे ताकात, विळा गुळाच्या पाण्यात. दिवाळीसाठी राखलेलं तूप एका तापलेल्या फाळाने घटकेत पिऊन टाकलं आणि फाळ होता तसाच राहिला. बायनाबाईने दिवाळी तुपाविना काढली. तिची रीतच ती. सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर उरलेलं खायचं आणि उरलं नाही तर पाणी पिऊन उठायचं.

मग पोळा आला. पोळ्याआधी घरोघर बैलांची शिंगं तासतात, मग रंगवतात. शिंगांचा कीस उकिरड्यावर जातो. तो पाहून इंद्रभान जागीच थांबला. बैलाचा सगळा जोर असतो कुठं? शिंगात. तो पाटी घेऊन दारोदार फिरला. गावचे पाटील काकासाहेब यांनी विचारलं, "कशाला रे?"

"लोखंडाला चारायचं हाय."

सणाच्या दिवशी येड्याशी वाद नको म्हणून काकासाहेबांनीही आपल्या बैलांच्या शिंगांचा कीस देऊन टाकला.

मच्छिंद्र लोहाराकडून त्याने नवी बेडी घडवून घेतली, साखळी आणि कुलपासकट. एका मोठ्या रांजणात शिंगाचा कीस, कडुलिंबाचा कोळसा आणि मधोमध साखळी-कुलपासकट बेडी घातली, तोंड चिखलाने लिंपलं आणि रांजण कुंभाराच्या भट्टीत तळाशी ठेवला. मडकी भाजून झाल्यावर रांजण फोडला आणि लाल बेडी पाण्यात टाकली. मच्छिंद्रने कानस चालवली. कानस किंचाळली आणि घसरली. त्याने दुसरी घेतली, मग छिन्नी, मग घण. बेडीवर ओरखडासुद्धा नाही.

"भाऊ, काय केलं हे तुमी?" मच्छिंद्रने विचारलं.

"जेवू घातलं."

हसू नका. इंद्रभानचा हिशेब साफ चुकला होता आणि लोखंड साफ बरोबर निघालं होतं. असं होतं कधी कधी.

घटस्थापनेच्या बाजारी त्याने फाट्यावरच्या वडाला साखळी बांधली, आणि बेडी स्वतःच्या पायात अडकवून कुलूप लावलं. बैल आता एकच उरलेला, त्याला उघड्यावर बांधायची त्याची हिंमत नव्हती. पैज अशी लावली की जो बेडी तोडील त्याने तो उरलेला बैल न्यावा. फक्त विस्तव चालणार नाही, कारण चोर काही भाता घेऊन येत नाही. काकासाहेबांना पंच केलं. दिवसभर लोकांनी बेडी ठोकली, पिळली, एकाने तर चावलीही. संध्याकाळी इंद्रभानने ऐटीत कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली, आणि किल्ली मोडली. अर्धी हातात राहिली, अर्धी आत.

किल्लीला शिंग पुरलं नव्हतं. ती साध्या लोखंडाची होती.

बाजार इतका हसला की भजी तळणाऱ्याचा घाणा करपला. मच्छिंद्र म्हणाला, "भाता आणतो. कडी लाल करू, लोण्यावाणी कापू."

"बिलकुल न्हाई," इंद्रभान म्हणाला. "इस्तवानं कापली की ती साधी बेडी झाली. मंग गावाची शिंगं कशापायी गोळा करून राह्यलो होतो मी?"

तो वडाखाली राहिला. बायनाबाईने घोंगडी आणून दिली. तिला वेगळाच घोर लागला होता. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस होऊन गेला होता, रान वापशावर, पेरणीजोगं आलं होतं. रब्बीचा जोंधळा आत्ता पेरला तर पेरला, नाहीतर ओल उडाली की वर्षभर घर काय खाणार? दुसरा बैल शेजारच्या सगुणाबाईकडून सावडीवर, बैलाच्या बदल्यात बैल असा, मिळणार होता. पण तिफण धरायला माणूस लागतो, आणि घरचा माणूस झाडाला बांधलेला.

इकडे इंद्रभानचं नाव दूरवर गेलं. जुन्या जालन्याच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या फाट्यावर थांबू लागल्या. परतूरहून पोलीस जमादार आला आणि बेडी पाहून त्याने विचारलं, "किसने पकडा?"

"कुणी न्हाई."

"जुर्म?"

"काई न्हाई."

"तो छूट जाओ."

"सुटत न्हाई, साहेब."

जमादाराने पुष्कळ विचार केला. ज्याला कुणी पकडलंच नाही त्याला सोडायचा अधिकार आपल्याला नाही असं ठरवून तो निघून गेला. खंडेनवमीला गावाने घरची हत्यारं पुजली, आणि मग सगळ्यांत थोर लोखंड म्हणून बेडीही पुजली, पाय आत असतानाच. इंद्रभानच्या घोट्यावर हळदीकुंकू, पुढ्यात नारळ आणि ताटं. जो येई तो नैवेद्य आणी, आणि बेडी खात नसल्यामुळे तो इंद्रभान खाई. बायनाबाईचे नवरात्राचे उपास होते. हा मात्र इतका सुटला की बेडी घोट्यात रुतायला लागली.

दसरा झाल्यावर बायनाबाई हातात काठी घेऊन वडाखाली येऊन बसली. "लोखंड झिजत न्हाई ना? मंग माणूस झिजवू," ती म्हणाली, आणि ताट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तिने परत पाठवलं. इंद्रभानला पाणी आणि चतकोर भाकरी. तो कुरकुरला, चिडला आणि वाळायला लागला.

एका सकाळी ती घोट्याला चोळायला एरंडेल घेऊन आली तर इंद्रभानची पाठ तिच्याकडे होती. त्याने सहज पाय बेडीतून काढला, टाच खाजवली आणि पाय परत आत घातला.

बायनाबाईने एरंडेलाची वाटी खाली ठेवली. "कवाधरनं निघून राह्यलाय पाय?"

इंद्रभान दचकला. "परवापासनं."

"मंग घरी का न्हाई आले?"

तो मातीत रेघोट्या ओढायला लागला. "बायने," तो म्हणाला, "घरी कोण येतं मला बघायला?"

तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींत वेळ घालवण्याइतकी ओल रानात शिल्लक नव्हती. ती त्याच्याशेजारी बसली, त्याचा पाय बाजूला सारला आणि बेडीत स्वतःचा पाय घातला. एरंडेल लागलं नाही, ओढाताण झाली नाही. कडं टाचेवरून गेलं आणि तसंच वर पोटरीपर्यंत सरकलं.

"लोकांना बेडीतला पाय बघायचाय ना? माझा बघतील. तुमी जा. चाड्यावर बी सोडायला सगुणाला बोलावलंय मी."

इंद्रभान त्या पायाकडे पाहत राहिला. इतकी वर्षं तो काडीसारखा पाय त्याच्या घरात हिंडत होता. त्याला लाज वाटली. तो उठला आणि रानात गेला.

गावात गोंधळ उडाला. काकासाहेबांनी निवाडा दिला की पैज लोखंडावर होती, पायावर नव्हती, तेव्हा बैल जाग्यावर आणि बेडीची इज्जतही जाग्यावर. लोक पुन्हा येऊ लागले आणि ताटंही आली. या वेळी काठी घेऊन बसणारं कुणी नव्हतं. पाटलांच्या घरून पुरणपोळी आली. लग्न झाल्यापासून बायनाबाईपुढे कुणी वाढलेलं ताट ठेवलं नव्हतं. ती मांडी घालून सावकाश जेवली आणि वर लोणचं मागून घेतलं.

जोंधळा पेरून झाला त्या संध्याकाळी इंद्रभान मातीने भरलेल्या पायांनी वडाखाली आला. "झालं पेरून. चल घरी."

"उद्या पाटलीणबाई धपाटे धाडणार हायेत," बायनाबाई म्हणाली आणि हलली नाही.

"आन् मी काय खाऊ?"

"करा की."

तो घरी गेला. चूल पेटता पेटेना, भाकरी थापता थापेना. अंधार पडता पडता तो एका ताटलीत भाकरी घेऊन परत आला. एका बाजूने करपलेली, दुसरीकडून कच्ची, आकार धड कशासारखाच नाही. त्याने ती तिच्यापुढे ठेवली.

"तुमी खाल्ली?" तिने विचारलं.

"तू खा आदी."

बायनाबाईने भाकरीकडे पाहिलं, मग त्याच्या भाजलेल्या बोटांकडे. तिने ती सगळी खाल्ली, करपलेलीसुद्धा. मग बसल्या जागेवरूनच बेडीतून पाय काढला आणि म्हणाली, "चला."