देवराव मिस्त्रींचे तीन फ्यूज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर खोटारडे म्हणत आलो. स्वभाव तापट, त्यात धंदा मशीनचा. मोटर करंटने फिरते, करंट गेला की थांबते... मधे तिसरं काही नसतं. तरी हे लिहितोय, कारण माझ्या दोन्ही तळहातांवर आडवे व्रण आहेत आणि ते कसे आले हे मी लोकांना अर्धंच सांगत आलोय.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आम्ही गोळीबार चौकाजवळचे कोष्टी. घरचा माग बंद पडला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये देवराव मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. इमारतीच्या पोटातली कामं शिकायची होती — पंप, नळ, ड्रेनेज आणि मुख्य म्हणजे थंड हवेचा प्लँट. पडद्यामागच्या खोलीत लोखंडी पात्यांचा, माणसाहून उंच पंखा होता. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढून तो हॉलमध्ये सोडायचा. पंखा भिंतीच्या पलीकडे, मोटर आणि स्विचबोर्ड अलीकडे. मधल्या भिंतीच्या फटीतून चामड्याचा पट्टा जेमतेम जायचा. एकदा चालू पंख्यात घूस शिरली, तर तिचे तुकडे आम्ही बादलीत गोळा केले होते.

म्हणून मिस्त्रींचा पहिला धडा — पंख्यात उतरणाऱ्याने बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. सख्ख्या भावाकडेसुद्धा द्यायचे नाहीत. डक्ट किती रुंद ठेवायचा, वळणावर हवा कशी अडते, सगळं मला त्यांनीच शिकवलं. शिकवायची पद्धत मात्र एकच, मार. चुकलं की थोबाडीत, परत चुकलं की हातात असेल त्याने.

मे महिना होता. बाबांची तेरवी होऊन चार दिवस झाले होते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तीनच्या खेळाआधी मी पट्टा बसवला आणि नको इतका ताणला. पंखा चालवून पाहिला तर अर्ध्या तासात बेअरिंग तापून धूर निघाला. मिस्त्रींनी पाना उचलून माझ्या खांद्यावर हाणला. पडलो, तर वरून लाथ. ओठ फुटला. टॉकीजची सगळी माणसं बघत उभी होती.

“काहून ताणला बे एवढा? बापाचा माग समजला का?” मिस्त्री ओरडले. “बाप खोकून खोकून मेला, तूही मर मागावर बसून!”

मी तोंडातलं रक्त गिळलं.

माणसं पांगली, मिस्त्री बेअरिंग पाहायला पंख्यात उतरायला निघाले. फ्यूज उपसले. उकाड्याने सदरा काढून ठेवलेला, अंगावर फक्त धोतर. सवयीने हात छातीवर गेला, मग कमरेला... खिसाच नाही. आणि त्यांनी ते तिन्ही फ्यूज माझ्या हातात दिले.

“धर. मी बाहेर आल्यावर लावजो.”

इतकं मारून पाठ फिरवली! हा माणूस मला कस्पटासमान समजतो, याचाच मला जास्त संताप आला.

मी फ्यूज लावले. एक, दोन, तीन. पलीकडून मिस्त्रींचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मी स्विच दाबला. चुकून नाही... माणूस मारायला दाबला.

मोटर फिरली. पट्टा मात्र जागेवर! त्याच्याखाली पुली किंचाळत फिरत होती, चामडं जळून धूर निघत होता आणि पंखा हलत नव्हता. दहा आकडे मोजावेत इतका वेळ. मग मला भान आलं. स्विच बंद केला, फ्यूज उपसून फरशीवर टाकले आणि तिथेच ओकलो.

मिस्त्री बाहेर आले. चेहरा पांढराफटक. आता मारतील, मारायलाच हवं, असं मला वाटत होतं. त्यांनी माझी मनगटं धरली.

“वसंता... दोन्ही हातानं पातं धरलं गा तुनं! मी आतून पाहून राहिलो होतो नं. तुया मनगटातला काळा दोरा दिसला मले. माया मुंडक्यापासून वीतभर होतं पातं.”

मी हात पाहिले. दोन्ही तळव्यांवर खोल चीर, ग्रीसने काळी, रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. तोवर मला काहीच जाणवलं नव्हतं. फरशीवर पडलेले पांढरे फ्यूज मात्र स्वच्छ होते, रक्ताचा एक थेंब नाही.

मिस्त्रींनी स्वतःचा सदरा फाडून माझे हात बांधले. “फ्यूज काढूनबी लाइन कुठंतरी चिकटली असन,” ते म्हणाले. “तू नसता तं माया तीन पोरी उघड्यावर पडल्या असत्या गा.” आणि ते रडायला लागले.

तुम्ही म्हणाल, पट्टा घसरला. अहो, पट्टा जास्त ताणला म्हणूनच तर मार खाल्ला होता! हात बरे झाल्यावर मी त्या पंख्यात जाडजूड बांबू आडवा घालून पाहिला. बांबूच्या चिंध्या झाल्या, एक तुकडा कानाजवळून जाऊन दारात घुसला. पाच हॉर्सपॉवर हातांनी धरता येत नाही. आणि मी तर भिंतीच्या अलीकडे होतो.

पुढेही मिस्त्रींनी मला भरपूर मारलं, मला राग आला नाही. पण पंख्यात उतरताना, खिसा असला तरी, ते फ्यूज माझ्याकडे द्यायचे. “खिशापेक्षा याचे हात पक्के,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी ते फ्यूज घेऊन बोर्डापासून दूर, बाहेर उन्हात जाऊन उभा राहायचो.

मिस्त्री गेले त्याला कैक वर्षं झाली. त्यांची धाकटी मुलगी दर भाऊबीजेला मला ओवाळते. ओवाळण्याआधी माझे तळहात उलटे करून दोन्ही व्रणांवर कुंकू लावते. पंखा कोणी धरला, हे मला आजही सांगता येत नाही. स्विच कोणी दाबला, हे तिला सांगायची अजून हिंमत झालेली नाही.