पाच नंबरचे बूट

शनिवारी दुपारी कांबळे सरांच्या नंबरवरून फोन आला. 'बोला सर, निघालात का?' म्हटलं, तर पलीकडे एस.टी.चा कंडक्टर. लातूरहून नांदेडला परतताना चाकूरच्या पुढे सरांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... दीड महिना झाला आता. त्या शनिवारी लातूरला जायची पाळी माझी होती. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, 'सर, एवढ्या वेळेला तुम्ही जाता का?' आणि ते 'जातो की' म्हणाले होते. डॉक्टर म्हणतात, घरी असते तरी हेच झालं असतं. असेल. माझ्या मनाला ते पटत नाही.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलं सहा महिने कारखान्यात काम शिकायला जातात. त्यांना भेटून यायचं काम आम्हा दोघांकडे होतं, आळीपाळीनं. पहिल्या खेपेला आम्ही सोबतच लातूरच्या एका तेलगिरणीत गेलो. माझ्या पायात सँडल, म्हणून मला गेटवरच बसवलं. मी पंख्याखाली खुशाल बसले. सर आमच्या मीराला बाहेर घेऊन आले. लोहा गावची पोरगी, डोळे भरलेले.

'घरी चालले मी, सर. आल्यापासून नुसता झाडू मारून राहिले. त्यासाठी इंजिनिअर व्हायलेय का मी?'

'मार की झाडू,' सर म्हणाले. 'पण मशीनखाली मार. तेल कुठून गळून राहिलंय ते तिथंच दिसतंय बघ.'

मीरा राहिली. आज त्याच गिरणीत नोकरीला आहे.

मला मात्र त्या दिवशी एक हुकमी सबब सापडली. जायची पाळी आली की मी म्हणायचे, 'माझ्याकडे सेफ्टी शूज नाहीत हो, आणि बायकांचे पाच नंबरचे मिळत नाहीत कुठं.' 'हाव, ते बी खरं हाय,' म्हणून सर आपले बूट पिशवीत टाकून निघायचे. फोनवर विचारलं तरी भागेल, असंही मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, 'फोनवर पोरं सगळं ठीक हाय म्हणतेत, मॅडम. तोंड बघितल्याबिगर कळत न्हाई.' मी विषय बदलला. किती सोपं होतं ते.

परवा त्यांचं टेबल रिकामं करायला गेले. खालच्या खणात एक खोकं होतं, वर धुळीचा थर. आत बायकांचे सेफ्टी शूज, पाच नंबरचे, नाड्या अजून एकमेकींना बांधलेल्या... कधी आणले असतील, कुठून शोधले असतील, कोण जाणे. आणून ठेवले आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझी सबब त्यांनी केव्हाच ओळखली असणार. मला ओशाळं वाटू नये म्हणून गप्प बसले असतील. मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

या शनिवारी मी ते बूट घालून लातूरला गेले. जरा चावतात, नवे आहेत. गेटवर मला कुणीही अडवलं नाही.