नमुन्याचा हात

"हात पुढे कर," दिग्दर्शकाचा सहायक म्हणाला. मी केला.

मेकअपदादांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात खुर्चीत बसलेल्या नायिकेच्या गालाला लावला. सहायक मागं सरला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "अजून डार्क. हिच्याइतकी कर." दादांनी स्पंज बुडवला. गोऱ्या गालावर तपकिरी थर चढला. पुन्हा माझा हात. पुन्हा थर. मॅचिंग ब्लाऊजपीस शोधताना बायका कापडाला कापड लावून बघतात, तसं चाललं होतं. खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या. मला कुणी बस म्हणालं नाही.

साताऱ्याजवळ एका भाड्याच्या बंगल्यात सिरियलचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट गावातल्या काळ्या मुलीची. रंगामुळं तिला सगळे हिणवतात, तरी ती जिद्दीनं पुढं जाते. ती काळी मुलगी करायला त्यांनी पुण्याहून गोरी मुलगी आणली होती. आणि पाटणजवळच्या खेड्यातून एक खरी काळी मुलगी स्वतःचं तिकीट काढून एसटीनं आली होती. ती मी.

मला अभिनय करायचा होता. लहानपणापासून दुसरं काही करावंसं वाटलंच नाही. माझे अब्बा गावोगाव फिरून गाद्या भरतात. त्यांनी मला विचारलं, "ॲक्टिंग कराया सुरवात कुटनं करत्यात?" मला तरी कुठं माहीत होतं? कॉलेजात एकदा एक मोठे नट शिबिराला आले. म्हणाले, "प्रतिभेला रंग नसतो, जात नसते. एकांकिका करा, ऑडिशन द्या, मिळेल तिथून सुरुवात करा." आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ मी वाजवल्या. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्यांनी सांगितलं ते सगळं केलं. सांगलीच्या एकांकिका स्पर्धेला गेले. तिथं मोलकरीण झाले, मग भूत झाले, मग परत मोलकरीण. मोबाईलवर ऑडिशनचा व्हिडिओ काढला. नाव, वय, उंची, चेहऱ्याची डावी बाजू, उजवी बाजू. दिसेल त्या नंबरवर पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मग एक दिवस निरोप आला, गर्दीत उभ्या राहायला गावातल्या बायका पाहिजेत. गेले.

सेटवर गर्दीला क्राउड म्हणतात. क्राउडनं मांडवात बसायचं. साडी घरची, पावडर घरची. मेकअपच्या खोलीत फक्त रोल असलेली माणसं जातात, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मेकअप रूममधून बोलावणं आलं, तेव्हा मी आत जायच्या आधी बंगल्यामागं पळाले आणि घरी फोन लावला. "अम्मी, रोल मिळाला." हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. अम्मीनं शिरा केला, गल्लीत वाटला. अब्बांनी ज्याची गादी भरायला घेतली होती त्याला सांगितलं, पोरगी टीव्हीत दिसणार.

संध्याकाळी घरी आले तर दारात बायका बसलेल्या. मी हसले. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही.

तरी रोज जात राहिले. कारण सहायकानं आशा लावली होती. "को-ऑपरेट कर. नळावरच्या सीनमध्ये तुला दोन वाक्यं देतो." नायिका रडत असते आणि शेजारीण तिला म्हणते, "रडू नगंस बाई. त्यांची तोंडं दुखत्यात तवर बोलू दे." एवढंच. पण ते माझ्या तोंडचं पहिलं बोलणं असणार होतं. एसटीत, भांडी घासताना, अंथरुणात, मी तीच दोन वाक्यं घोकत होते. त्या वाक्यांसाठी रोज सकाळी हात देत होते. माझं नाव कुणी विचारलं नाही. "शेडला बोलवा," असा पुकारा व्हायचा आणि ती रंगाची शेड, म्हणजे मी, उठायचे.

नायिका वाईट नव्हती. "तुझी स्किन किती सुंदर आहे गं," असं म्हणायची. संध्याकाळी तीच सुंदर स्किन ओल्या टिश्यूनं खसाखसा पुसून टोपलीत टाकायची.

नळाच्या सीनचा दिवस आला. मी नायिकेच्या शेजारी हंडा घेऊन उभी राहिले. वाक्यं पक्की होती. दिग्दर्शक मॉनिटरमध्ये बघत होता. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "कट. हिला काढा."

सहायकानं विचारलं, "का सर?"

"ही शेजारी उभी राहिली की आपल्या मुलीचा रंग खोटा दिसतोय."

कुणी हसलं नाही. अडचण सगळ्यांना पटली. माझ्या हातातला हंडा काढून क्राउडमधल्या एका उजळ बाईला दिला, माझी वाक्यंही तिलाच दिली. मला पाण्याच्या टाकीमागं उभं केलं. तिथून मी माझी वाक्यं दुसऱ्या तोंडातून ऐकली.

मला रडू आलं नाही. संताप आला. आणि संतापातच लख्ख दिसलं. इतकी वर्षं आरशासमोर उभी राहून मी माझ्यात काय कमी आहे ते शोधत होते. कमी काहीच नव्हतं. मी नुसती शेजारी उभी राहिले तरी यांचं सोंग उघडं पडत होतं. म्हणून मला बाजूला करत होते. नमुना म्हणून मी चालत होते, माणूस म्हणून अडचण होते.

दुसऱ्या दिवशी परत पुकारा झाला. मी खोलीत गेले. सहायक मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "हात."

"न्हाई देनार."

"काय?"

"शेजारी हुबी ऱ्हायले तर चालत न्हाई. मग हात कशाला पायजे?"

त्यानं मान वर केली. "वेडी आहेस का? सगळ्यांची सुरुवात अशीच होते."

"ह्यांची झाली का अशी?" मी नायिकेकडं बघून विचारलं. ती आरशात बघत राहिली. ती एक शब्द बोलेल असं मला उगीच वाटलं होतं.

"जा मग," सहायक म्हणाला. "पण या लाईनीत एकदा नाव खराब झालं की संपलं."

"माजं नाव काय हाय, सांगा बरं."

त्यानं परत मोबाईलमध्ये मान घातली. मी साडीचा पदर खोचला आणि निघाले.

घरी सगळं खरं सांगितलं. अब्बा गादीला टाके घालत होते. टाका ओढून म्हणाले, "आता गल्लीला काय सांगायचं?"

"हाय ते सांगा."

"लोक हसतील."

"हसू द्या."

अम्मी मात्र चिडली. "हात दिला असता तर झिजला असता व्हय?" ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दारावरून जाणारी पोरं "हिरॉईन" म्हणून हाक मारायची. अजून मारतात.

मी आता सांगलीत राहते. दिवसा कापडाच्या दुकानात उभी असते, संध्याकाळी तालमीला जाते. कामासाठी फोन येतात. कामवाली, नळावरची बाई, मयताला रडणारी बाई. कामवाली व्हायची मला लाज नाही, माझ्या खालानं, अम्मीच्या बहिणीनं, धुणीभांडी करून घर चालवलंय. मी फक्त विचारते, तिला बोलायला काय आहे? बहुतेक जण तिथंच फोन ठेवतात. लाईनीत माझं नाव खरंच खराब झालंय. माजोरडी म्हणतात. म्हणू देत.

आमच्या कॉलेजातल्या मुली विचारतात, ताई, सुरुवात कुठून करायची? मी त्यांना त्या मोठ्या नटांसारखं मिळेल तिथून करा, असं सांगत नाही. जिथं तुझं तोंड बंद ठेवून बाकीचं सगळं वापरतात, तिथून आधी उठ, असं सांगते. उठल्यावर पुढं काय, ते मलाही नीट ठाऊक नाही. काम मिळेलच असं नाही. मला अजून मिळालेलं नाही.

पण मी नटी आहे. कॅमेऱ्यासमोर जाईन ती बोलायलाच जाईन. नाहीतर त्यांच्या चौकटीत माझी सावलीसुद्धा पडू देणार नाही.