मावशीचा बॉल

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई बायकांच्या संघटनेचं काम करायची आणि वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे कुठलाही समारंभ दिसला की त्याच्याविरुद्ध काय लिहायचं ते माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागतं. भद्रावतीजवळच्या एका खाणवसाहतीत बायकांची गोल्फची स्पर्धा होणार आणि तिच्यातून स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी पैसे गोळा होणार, हे कळलं तेव्हाही मथळा तयार होता. पण ती बातमी मला माझी मावशी सांगत होती, आणि ती खुशीत होती.

"मले बलावलं हाय स्टेजवर," ती म्हणाली. "अन् मंग नवव्या ब्राउनवर बॉल टाकाले देनार हायत."

मावशी त्याच मैदानावर कामाला होती. आमच्याकडच्या उन्हात हिरवळ टिकत नाही, म्हणून तिथे बॉल टाकायच्या खळग्याभोवती तेल कालवलेली वाळू पसरून चोपतात. तिला ब्राउन म्हणतात. खेळणारे पुढे गेले की वाळूवर बुटांचे ठसे राहतात. लांब दांड्याला बसवलेली लाकडी पट्टी ओढून ते पुसायचे आणि पुढच्या खेळणाऱ्यांसाठी वाळू सपाट करून ठेवायची, हे मावशीचं काम. अंगण सारवताना फिरतो तसा तिचा हात फिरायचा. पण कामाच्या बायकांनी बॉलला हात लावायचा नाही, काठी तर नाहीच, असा तिथला दंडक होता. एकदा कुणाचा तरी राहून गेलेला बॉल तिने गमतीने पायाने खळग्यात ढकलला, तर सुपरवायझरने सगळ्यांसमोर तिला झापलं.

"असा बोंबलला, जसा त्याच्या ताटालेच पाय लावला," असं ती हसून सांगायची. हसून सांगायची, पण पुन्हा पुन्हा सांगायची.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, उजवी छाती काढली, केस गेले, परत आले. तिथल्या गोल्फ क्लबच्या अध्यक्षबाईंनी त्या काळात गाडी दिली, डॉक्टरांना फोन केले. हे खरं आहे, म्हणून लिहिते. आता त्यांना स्टेजवर एक बरी झालेली बाई हवी होती आणि मावशी त्यांच्या ओळखीची होती.

त्यांना एवढंच माहीत नव्हतं की दुखणं परत आलं होतं, आणि या वेळी हाडात. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. आई बाहेर आली तेव्हा मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलून चालायला लागली.

"त्यांना खरं सांग," मी मावशीला म्हणाले. "कॅन्सरला हरवलं म्हणून तुला मिरवणार आणि..."

"सांगतलं तं बलावन का कोनी?" ती म्हणाली. "बिमार बाईले खुर्चीवर बसवतेत अन् पानी देतेत. मले बॉल टाकाचा हाय. एकडाव. माह्या हातानं."

स्पर्धा संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. मावशीने नवं लुगडं नेसलं. फाटकातच तिच्या डोक्यावर गुलाबी टोपी चढवली गेली. तिच्यासोबत काम करणाऱ्या बायका कडेला पट्ट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक जण, तिची जुनी जोडीदारीण, ओरडली, "आता काय वो, मॅडम झाली! आमच्यासंगं बोलन का नाई?"

"तू आधी पट्टी नीट धर," मावशी म्हणाली. "मॅडमचे पाय पुसाचे हायत तुले."

त्या सगळ्या खळखळून हसल्या. मावशीही हसली आणि मग तिने उजवा हात पोटाशी धरला. ऑपरेशनच्या बाजूचा तो हात सुजून मनगटापर्यंत तटतटला होता. पदराखाली तो दिसत नव्हता.

स्टेजवर टाळ्या झाल्या. निवेदिकेने तिला रणरागिणी म्हटलं. शाल आली, नारळ आला. आणि मग हळदीकुंकू. दिवस संक्रांतीचे, बायका जमलेल्या, त्यामुळे स्पर्धेतच हळदीकुंकू उरकून घ्यायचं ठरलं होतं. वाण म्हणून गुलाबी डबे होते, झाकणावर छाती तपासून घेण्याचा संदेश चिकटवलेला. एक तरुण बाई करंडा घेऊन रांगेने येत होती. मावशीसमोर ती थबकली. तिचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. मावशीच्या कपाळाकडे, मग गळ्याकडे तिने पाहिलं. मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. ती बाई गोड हसली, मावशीला ओलांडून माझ्याकडे वळली आणि बोट माझ्या कपाळाकडे आणलं. डबाही माझ्यापुढे धरला.

मी मागे सरले. ज्या आजाराच्या नावाने हा मांडव घातला तो आजार जिच्या अंगात आहे, तिलाच तुम्ही ओलांडता? हे शब्द माझ्या तोंडात आले होते. पहिला तर बाहेरही पडला असावा, कारण दोन-तीन जणींनी वळून पाहिलं.

मावशीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "काऊन तमाशा करून राह्यली?" ती हळूच म्हणाली. "घे तो डबा. बॉल टाकाचा माहा नंबर अजून याचा हाय."

तिच्यासाठी मी तो डबा घेतला. कुंकू नाही लावून घेतलं.

नवव्या ब्राउनवर सगळ्या गोलात उभ्या राहिल्या. अध्यक्षबाईंनी स्वतःची काठी तिच्या हातात दिली आणि बॉल खळग्यापासून थोड्या अंतरावर ठेवला. मावशीने दोन्ही हातांनी काठी धरली. उजवा हात वर येईना. तिने टोला दिला, बॉल वाळूवरून हळू हळू गेला आणि खळग्याच्या अलीकडे वीतभर थांबला.

"दिला, दिला!" अध्यक्षबाई आनंदाने ओरडल्या. गोल्फमध्ये अशी रीत आहे. बॉल खळग्याच्या अगदी जवळ थांबला तर समोरचा खेळाडू तो गेला असं मान्य करून टाकतो. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. कुणीतरी जेवण तयार असल्याचं सांगितलं.

"नाई," मावशी म्हणाली. "गेला कुठी? मीच टाकतो."

"अहो मावशी, दिला म्हटलं ना. झाला तुमचा."

"दिला नोको बाई. मी टाकतो."

दुसरा टोला खळग्याच्या कडेवरून पलीकडे गेला. पुन्हा टाळ्या, थोड्या कमी. तिसरा आखूड पडला. मावशीच्या कपाळावर घाम आला होता, ती काठीवर टेकून श्वास घेत होती. मी पुढे झाले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी थांबले. बायका घड्याळं पाहू लागल्या, मग एकेक करत मांडवाकडे निघाल्या. अध्यक्षबाई मात्र थांबल्या होत्या. त्यांनी पदराखालून बाहेर आलेला तो सुजलेला हात पाहिला, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी आपली गुलाबी टोपी काढून हातात धरली. पुन्हा काही 'दिला' म्हणाल्या नाहीत.

मावशीने उजवा हात सोडून दिला. एकट्या डाव्या हाताने, पट्टी ओढताना वाकायची तशी वाकून, तिने बॉल ढकलला. तो खळग्यात पडला. आतल्या पत्र्याच्या डब्यावर लहानसा आवाज झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जोडीदारीण पट्टी घेऊन पुढे आली.

"आन इकडे," मावशी म्हणाली. "सारे पाय पाय झाले."

"तू आज मॅडम हायस. सरक." जोडीदारणीने तिचे ठसे पुसायला सुरुवात केली. मावशी कडेला माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि सांगत राहिली, "तिथी राह्यलं. कडेले घे. अशी नोको रगडू, उलीशी उचल."

जेवणात तिने फक्त ताक घेतलं.

होळीच्या आधी ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर क्लबचा निरोप आला, पुढच्या वर्षी स्पर्धेचा कप मावशीच्या नावाने देणार आहेत. आईने तो निरोप जोडीदारणीला वाचून दाखवला.

"कपाले नाव देतेत," ती म्हणाली. "चांगलं हाय. पन आमाले बॉल टाकाले देतीन का, ते इचारजो त्याइले."

मी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.