डावीकडे न वळणारी मान

मालिश करणाऱ्या बाबूरावांनी तेल लावण्याआधी नुसता हात माझ्या मानेवर ठेवला, तो हलवेचनात. वेळ काढतायत, असं मला वाटलं.

"हात चालवा की!" मी खेकसलो.

"शेठ, दुकानात तुमच्या डाव्या हाताला कोण बसतं? मान तिकडं जायलाच तयार नाही."

मी चपापलो. डावीकडे धाकट्या भावाचं दुकान आहे. माझ्या हाताखाली धंदा शिकला आणि शेजारचाच गाळा घेऊन माझी गिऱ्हाईकं नेली. तीन वर्षं मी तिकडे पाहिलेलं नाही. पण हे यांना कुणी सांगितलं? त्यानंच पाठवलं नसेल ना?

सौदा करताना माझ्या चेहऱ्यावरून कुणाला कधी काही कळलेलं नाही. शरीर मात्र आतलं सगळं परक्या बोटांना सांगून टाकतं. त्याला धंद्याची अक्कलच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात, केवळ मालिशचा गुण आला का हे पाहायला, मी मान डावीकडे वळवली. भाऊ तोंड पलीकडे करून बसला होता आणि मानेची उजवी बाजू चोळत होता.

बाबूरावांचं नाव त्याला सांगावंसं वाटलं. पण ते त्याला आधीच ठाऊक असेल, तर?